राजपत्रात छापले म्हणजे रयतेला कळले काय?

‘रस्ता नको असे म्हणणारा प्रगतीचा वैरी होय’, हे वाक्य अलीकडे सरकारी कचेऱ्यांतून मंत्रासारखे घोकले जाऊ लागले आहे. वाक्य सोयीचे आहे. ते एकदा उच्चारले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. ज्याची जमीन जायची त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येते आणि ज्याने ती न विचारता घेतली तो लोककल्याणाचा कैवारी म्हणून मिरवतो. परंतु सीमाभागातील जनतेने रस्त्याचा दुःस्वास कधी केला? निपाणीची तंबाखूपेठ पुणे-बंगळूर रस्त्याच्या आधाराने वाढली. बेळगावचा भाजीपाला त्याच रस्त्याने कोल्हापूरकडे आणि खानापूरच्या वाटेने गोव्याकडे जातो. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरून कोकणाशी चाललेला व्यवहार तर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. रस्त्याचे मोल आम्हांला कोणी शिकवावे अशी आमची स्थिती नाही. आमचा तंटा रस्त्याशी नाही. तो रस्ता आमच्या शिवारातून जाणार आहे हे आम्हांला कधी, कसे आणि कोणत्या भाषेत कळते, याविषयी आहे.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू, कारण अधिकारी बोट दाखवितात ते कायद्याकडेच. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ चा. १९९७ मध्ये त्यात भूसंपादनाची नवी कलमे घालण्यात आली. त्यांतील ३-अ या कलमान्वये केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जमीन घेण्याचा आपला इरादा जाहीर करते. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा आणि त्यांपैकी एक देशी भाषेतील असावे, एवढे बंधन कायद्याने घातले आहे. राजपत्रातील प्रसिद्धीपासून एकवीस दिवसांत ज्याचा जमिनीशी संबंध आहे त्याने लेखी हरकत द्यावी. सक्षम अधिकारी ती ऐकेल, आणि तो जो निर्णय देईल तो अंतिम. त्यानंतर ३-ड कलमाखालील दुसरी अधिसूचना निघाली की जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारची झाली. पुढे उरतो तो केवळ पैशाचा हिशेब.

म्हणजे ‘ही जमीन घेऊ नका’ असे म्हणण्यासाठी, पणज्यापासून चालत आलेल्या वहिवाटीच्या बदल्यात, शेतकऱ्याला एकवीस दिवस मिळतात. आणि हे दिवस त्याला नोटीस हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत. दिल्लीत राजपत्र छापले गेले त्या दिवसापासून मोजले जातात! वडगावचा किंवा कडोलीचा कोणता शेतकरी रोज सकाळी भारत सरकारचे राजपत्र चाळून मग नांगराला हात घालतो, हे आम्हांला कोणी तरी दाखवावे. वृत्तपत्रात सारांश येतो खरा. पण त्यात असतो गावांच्या नावांखाली सर्व्हे नंबर, हिस्सा आणि चौरस मीटर यांचा बारीक टायपातला तक्ता. नकाशा नाही. रस्ता पूर्वेकडून येतो की पश्चिमेकडून, विहीर त्यात सापडते की बांधाशी राहते, उरलेल्या तुकड्याकडे जायला वाट ठेवली आहे की नाही, याचा पत्ता त्या तक्त्यातून लागत नाही. गुंठ्यांत जमीन ओळखणाऱ्या माणसाला चौरस मीटरचे आकडे वाचून दाखवायला दुसऱ्याला बोलवावे लागते. बोलावणे, उतारा काढणे, वकील गाठणे यांत एकवीसांतले पंधरा दिवस कसे सरतात ते ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

आता त्या ‘देशी भाषे’कडे वळू. कोणती देशी भाषा? कायदा ते सांगत नाही. एक इंग्रजी आणि एक कानडी वृत्तपत्र निवडले की कायद्याच्या अक्षराचे समाधान होते. मग ज्या गावची जमीन जाणार त्या गावात ते पत्र एकही माणूस घेत नसला तरी चालते. यावर ‘मग कानडी शिका’ असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की सीमाभागातला शेतकरी बाजारात कानडी बोलतो, ती त्याला परकी वाटत नाही. परंतु बाजारात भाव विचारणे निराळे आणि महसुली परिभाषेतील अधिसूचना वाचून तिच्यावर कायदेशीर हरकत लिहिणे निराळे. कानडी मातृभाषा असलेल्या शेतकऱ्यालाही ती अधिसूचना सहज उमगत नाही, ही गोष्ट त्याच रस्त्यात जमीन गमावणारे कानडी बांधव आम्हांला सांगतात. मग ज्याची शाळा मराठीत झाली त्याने काय करावे?

हलगा-मच्छे बायपासचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. बेळगाव शहराच्या दक्षिणेस जुने बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मच्छे असा जो शिवाराचा पट्टा पसरला आहे तो या तालुक्यातील सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. येथल्या बासमतीचा वास बेळगावच्या घराघरांत ओळखीचा आहे; भात निघाल्यावर मसूर, वाटाणा आणि भाजीपाला याच ओलीवर येतो. येथले शेतकरी बहुतांशी अल्पभूधारक. कोणाचे दहा गुंठे, कोणाचे वीस. एवढ्या तुकड्यातून रस्ता गेला म्हणजे ‘काही जमीन गेली’ असे म्हणता येत नाही. शेतकरी म्हणून त्या घराचे नावच पुसले जाते. गेली दीड दशके हे लोक कचेऱ्यांच्या आणि न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत आले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा नीट ध्यानात घ्यावा. या महामार्गाचा आरंभबिंदू, ज्याला सरकारी कागद ‘झिरो पॉइंट’ म्हणतात, तो बेळगाव शहरात फिश मार्केटजवळ होता. तो न बदलता आणि तसे न कळविता हलग्यापासून बायपास काढण्यात आला, असा त्यांचा आक्षेप. न्यायालयात वर्षानुवर्षे ज्यावर खल झाला तो प्रश्न रस्ता रुंद किती आणि मोबदला किती हा नव्हे. रस्ता मुळात सुरू कोठून होतो हा होता! ज्या योजनेचे शून्यच कोठे आहे याविषयी जनतेला विश्वासात घेतले जात नाही, तिच्या पुढील आकड्यांवर जनतेने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे हा केवढा विनोद!

आणि २०२१ च्या नोव्हेंबरात काय घडले? भात कापणीला आलेले असताना पोलिसांच्या बंदोबस्तात यंत्रे शिवारात घुसली. शेतकरी बांधावर उभे राहून पाहत होते. तीच यंत्रे कापणीनंतर आणता आली नसती काय? पीक निघाल्यावर काम करू, अमुक तारखेला येऊ, एवढा निरोप आगाऊ धाडणे एखाद्या साध्या जमीनदारालाही सुचले असते.

बायपासची जखम ओली असतानाच २०२२ मध्ये बेळगाव शहराभोवतीच्या रिंगरोडची अधिसूचना आली. कडोली, उचगाव, बेळगुंदी, संतिबस्तवाड, वाघवडे, मुतगा, झाडशहापूर अशा तीसहून अधिक गावांच्या शिवारांवरून ही रेघ ओढलेली. या खेपेस मात्र तालुक्यातील जनता सावध होती. गावोगावी बैठका झाल्या, वृत्तपत्रातील तक्ते लोकांनी एकमेकांना वाचून दाखविले, वकिलांनी हरकतींचे अर्ज तयार केले, आणि २८ नोव्हेंबर २०२२ रोजी शेतकरी हातांत चाबूक घेऊन बेळगावच्या रस्त्यावर उतरले. या मोर्चाची चर्चा झाली ती चाबकांमुळे. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट त्याआधीच्या दिवसांत घडली होती: सरकारने जे करावयास हवे होते ते काम लोकांनी आपण होऊन केले. कोणता सर्व्हे नंबर कोणाचा, हरकत कोणाकडे द्यावयाची, मुदत कधी संपते, हे सरकारचे कारकून सांगत नव्हते. ते गावातल्या शिकल्यासवरल्या पोरांनी देवळाच्या ओसरीवर बसून सांगितले. सरकारचा खर्च वाचला म्हणून त्यांचे आभार तरी मानावे!

‘कळविण्यात उणे-अधिक झाले असेल, पण न्यायालये आहेत ना?’ असे कोणी म्हणेल. न्यायालये आहेत, पण ती काय देऊ शकतात तेही जाणून असावे. बंगालमधील बारनगोर ज्यूट फॅक्टरीच्या जमिनीचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकालात काढला. तेथेही महामार्गच होता आणि ३-अ खालचीच अधिसूचना. जमिनीचे नेमके वर्णन नाही, नकाशा पाहावयास मिळत नाही, मग मालकाने हरकत तरी कशावर घ्यावी, असा प्रश्न होता. न्यायालयाने अधिसूचना सदोष ठरविली. यावरून कोणी हर्षित होऊ नये. कारण तोवर ताबा गेला होता, महामार्गाचे काम झाले होते, म्हणून जमीन परत मिळाली नाही. मोबदल्यासाठी धरावयाची तारीख तेवढी पुढे सरकविण्यात आली. म्हणजे मालक खरा ठरला, सरकार चुकीचे ठरले, आणि जमीन मात्र सरकारकडेच राहिली. डांबर पडल्यानंतर न्याय येतो तो पैशाच्या रूपाने येतो. एकवीस दिवसांत माहिती मिळणे आणि एकवीस महिन्यांनी मिळणे यांत अंतर आहे ते हेच.

न कळविता केलेल्या रस्त्याचा भुर्दंड केवळ शेतकऱ्याला पडतो असे शहरवासीयांनी समजू नये. बेळगावची निवड २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाली, तेव्हा शहरात दिवाळी यावी तसा आनंद व्यक्त झाला होता. त्याच योजनेतून शहापुरात बँक ऑफ इंडिया चौकापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतचा रस्ता झाला. रस्त्यात गेलेली जागा रीतसर संपादन केलेलीच नव्हती! जागामालक उच्च न्यायालयात गेला, महापालिकेवर सुमारे २० कोटी रुपये भरण्याची पाळी आली, आणि २०२४ मध्ये पालिकेने पैसे भरण्याऐवजी जागा परत करण्याचा मार्ग पत्करला. चालता-बोलता रस्ता उखडून जागा मोकळी करून देण्यात आली. करदात्याच्या पैशाने रस्ता बांधावा आणि करदात्याच्याच पैशाने तो उखडावा, असा हा खेळ. रस्ता आखतानाच जागा कोणाची, संपादन झाले काय, नोटीस कोणाला दिली, हे तीन ओळींत फलकावर लिहून चौकात लावले असते, तर शहापूरचा कोणी ना कोणी जुना रहिवासी ‘अहो, ही जागा अमक्याची आहे’ असे सांगता झाला असता. जुन्या शहरांत अशी माणसे असतात. त्यांना विचारण्याची सवय मात्र कचेऱ्यांना उरलेली नाही.

शहरातील खोदाईबद्दल फार लिहावयास नको, ती वाचकांच्या दाराशीच आहे. गटारासाठी एकदा, जलवाहिनीसाठी दुसऱ्यांदा आणि विजेच्या तारांसाठी तिसऱ्यांदा एकच गल्ली खणली जाते. सकाळी दार उघडावे तो समोर खड्डा, हा अनुभव कोणाला नाही? काम कोणाचे, किती दिवसांचे, खर्च किती, कंत्राटदार कोण आणि रस्ता पुन्हा फुटल्यास डागडुजी कोणाच्या माथी, यांपैकी एकाचेही उत्तर तेथे मिळत नाही. याउलट प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर, म्हणजे खेड्यातल्या अरुंद सडकेवर, स्थानिक भाषेत माहितीचा फलक लावण्याचा आणि पाच वर्षांची देखभाल कंत्राटदारावर सोपविण्याचा नियम आहे. खेड्यातल्या सडकेला जे जमते ते स्मार्ट म्हणविणाऱ्या शहराला का जमू नये?

निपाणीकडे तर लोकांना न विचारण्याची किंमत पाण्याने वसूल केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी चढले आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. मालमोटारींच्या रांगा लागल्या. नदी कोठे फुगते, पाणी कोणत्या ओढ्याने मागे सरते, कोणता भराव त्याला अडवितो, हे नदीकाठच्या माणसाला पिढीजात ठाऊक असते. म्हणूनच महामार्गाच्या रुंदीकरणात मांगूर फाट्याजवळ मातीचा भराव नको, पाण्याला वाट देणारा खांबांवरचा पूल करा, अशी मागणी त्या भागातील लोकांनी लावून धरली. ही मागणी आंदोलन करून मांडावी लागते, हाच आमचा आक्षेप आहे. नकाशा आधी गावात लावला असता तर ती ग्रामसभेतच मांडली गेली असती. निपाणीकरांना महामार्गावर बसण्याची हौस नाही. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी याच महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी पडले. ती आठवण या गावाला अजून आहे. दुसरे कोणतेही दार उघडे नसले म्हणजेच माणूस रस्त्यावर येऊन बसतो.

आता हक्काचे बोलू. मराठीतून माहिती द्या, ही आमची मागणी मेहरबानीची नाही. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्येच, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाचे निवेदन काढले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने ती तत्त्वे पुन्हा मान्य केली. ज्या भागात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाचे कायदे, नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे त्यात ठरले. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १८ टक्के होते. बेळगाव आणि खानापूर या तालुक्यांत तर हे प्रमाण त्याहून किती तरी अधिक. ज्या नोटिशीने माणसाची जमीन जाते तिच्याहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती असावयाची? निवडणुकीत मराठी भाषेतून मते मागता येतात, मग जमीन घेतानाच मराठीची अडचण का व्हावी?

बरे, ही संरक्षणे जुनी झाली असे कोणास वाटत असेल, तर संसदेनेच केलेला २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा पाहावा. त्याचे चौथे कलम कोणी अर्ज करण्याची वाट पाहावयास सांगत नाही. जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सर्व संबद्ध तथ्ये आपण होऊन प्रसिद्ध करा, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे द्या, आणि हे करताना स्थानिक भाषा व त्या भागात जी रीत सर्वांत परिणामकारक असेल ती ध्यानात घ्या, असे ते बजावते. सूचनाफलक आणि जाहीर पुकारा हे दोन्ही मार्ग कायद्यात नमूद आहेत. जाहीर पुकारा म्हणजे आपली दवंडीच! ब्रिटिश अमदानीतला मामलेदार गावात दवंडी पिटल्याशिवाय लिलाव करीत नसे. स्वतंत्र भारतातला अधिकारी दवंडीशिवाय जमीन घेतो आणि त्याला प्रशासनाचे आधुनिकीकरण म्हणतो.

आमच्या या टीकेला कोणी प्रांतिक रंग देऊ नये म्हणून महाराष्ट्राचेही सांगतो. नागपूर ते गोवा हा ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग आखताना तेथील सरकारने मराठीत अधिसूचना काढल्या, भाषेची तक्रार नव्हती. तरीही कोल्हापूर जिल्ह्यात शेतकरी पेटून उठले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यापुरती अधिसूचना मागे घ्यावी लागली. भाषा एक असली तरी आधी सांगण्याची दानत नसेल तर हेच घडणार. आमच्याकडे तर दानतही नाही आणि भाषाही नाही, म्हणून येथली जखम दुहेरी.

जिल्हाधिकाऱ्यांना आम्ही जे मागतो त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. ३-अ ची अधिसूचना निघताच तिचा मराठी तर्जुमा कानडीबरोबर प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि चावडीवर लागावा. सोबत सर्व्हे नंबर दाखविणारा, माणसाला समजेल एवढ्या मोठ्या मापाचा नकाशा असावा आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांतही लिहावे. हरकतीचा शेवटचा दिवस कोणता, तारीखवार लिहावा. दवंडी द्यावी. हरकत मराठीत लिहिलेली असल्यास ती स्वीकारून पोच द्यावी, सुनावणीत दुभाषी बसवावा. शहरातील प्रत्येक खोदाईपाशी काम, मुदत, खर्च व जबाबदार अधिकारी यांचा फलक उभा राहावा. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने इतर कामांसाठी अधिसूचना पंचायतीत व पालिकेत स्थानिक भाषेतून लावण्याचे बंधन घातलेलेच आहे. महामार्गाला त्यातून पळवाट मिळते म्हणून अधिकाऱ्यानेही त्याच वाटेने पळावे असे नाही.

आणि दोन शब्द आपल्याच माणसांना. सरकार फलक लावील तेव्हा लावील, तोवर स्वस्थ बसण्यात शहाणपण नाही. प्रत्येक गावाने चार वाचणारी माणसे नेमावीत. वृत्तपत्रातील जाहीर सूचनांचे पान, जे आपण शेंगा बांधावयास वापरतो, ते आधी वाचून मग शेंगांना द्यावे. राजपत्र आता संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आठवड्यातून एकदा त्यात आपल्या तालुक्याचे नाव शोधणे फार अवघड नाही. उताऱ्यावर मयत आजोबांचे नाव अजून तसेच असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्यावे, कारण नोटीस उताऱ्यावरील नावाने निघते आणि मयताच्या नावाची नोटीस जिवंत वारसापर्यंत पोहोचत नाही. हरकत तोंडी सांगून परतू नये. लेखी द्यावी, तिच्या नकलेवर कचेरीचा शिक्का आणि तारीख घ्यावी. ज्या दिवशी अधिसूचना राजपत्रात आली तो पहिला दिवस धरून एकवीस घरे भिंतीवर खडूने आखावीत आणि रोज एक खोडीत जावे.